व्हीटी-एटीव्ही पकडायचं कसं? एका हट्टी प्रवाशाचं प्रकरण

पुण्यात विमानतळाशेजारच्या विमाननगरला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी २०२३ च्या फेब्रुवारीत मला फोन करून विचारलं, "विस्ताराचं ते जुन्या रंगातलं विमान आहे ना, त्याच विमानात बसून मला दिल्लीला जायचंय. कुठल्या फ्लाइटचं तिकीट काढू?"

असं तिकीट मिळत नाही, हे उत्तर खरं आहे पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं उत्तर शोधताना काय काय करावं लागलं, कुठे फसलं आणि शेवटी काय चाललं, ते इथे नोंदवून ठेवतो. कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत बरेच जण विचारतात. कुणाला वडिलांसाठी सपाट होणारी सीट हवी असते, कुणाला एखाद्या प्रकारचं विमान टाळायचं असतं, कुणाला नवं विमान आलंय ते बघायचं असतं. सगळ्यांची वाट सुरुवातीला सारखीच असते.

विमान कोणतं आणि हट्ट कशाला

विस्तारा ही टाटा सन्स आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची भागीदारीतली कंपनी. तिचं पहिलं उड्डाण ९ जानेवारी २०१५ ला झालं. २०१८ मध्ये कंपनीने आपल्या ताफ्यातलं एक एअरबस ए३२०निओ जेआरडी टाटांच्या स्मरणार्थ जुन्या टाटा एअर लाइन्सच्या धाटणीत रंगवून घेतलं. त्याला 'रेट्रोजेट' म्हणत. नोंदणी क्रमांक व्हीटी-एटीव्ही.

काकांना (मी त्यांना काकाच म्हणतो) विमानांची छोटी मॉडेलं बनवायचा नाद. त्यांच्या कपाटात जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते छोटं पस मॉथ विमान आहे, शेपटीपाशी बारीक अक्षरात व्हीटी-एडीएन लिहिलेलं. शेजारी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस', व्हीटी-सीक्यूपी. ८ जून १९४८ ला कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते कॉन्स्टेलेशन. या माणसाला 'कुठलंही ए३२० सारखंच' हे पटणं शक्यच नव्हतं. मुंबईत जरीमरीला उभं राहून त्यांनी व्हीटी-एटीव्हीचे फोटो काढले होते. आता त्यांना आत बसायचं होतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती, आणि पुढे तीच कामाला आली. मुलगी गुरुग्रामला. दिल्लीला जायचंच होतं, पण अमुक तारखेलाच असं काही नव्हतं. महिन्याभरात कधीही चालणार होतं.

'एअरबस ए३२० आहे, सर'

मला फोन करण्याआधी काकांनी कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं होतं. तिथल्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, एअरबस ए३२० आहे. उत्तर बरोबर होतं. तिच्यासमोर तेवढंच होतं आणि तेवढंच असायला हवं होतं, कारण त्या दिवशी त्या फ्लाइटला त्याहून जास्त काही ठरलेलंच नव्हतं.

विमान ठरण्याचे तीन टप्पे असतात. विमानाचा प्रकार काही महिने आधी ठरतो. आपल्याकडे वेळापत्रकं दोन: उन्हाळी आणि हिवाळी. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक, त्यांना मंजुरी देतं. त्या वेळापत्रकात प्रत्येक फ्लाइटपुढे विमानाच्या प्रकाराचा तीन अक्षरी कोड असतो. ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, ७८९ म्हणजे ७८७ ड्रीमलायनरमधला लांब भाऊ ७८७-९. तिकिटांच्या साइटवर आपल्याला दिसतो तो हाच कोड, जरा सोप्या नावाने.

दुसरा टप्पा सीटच्या नकाशाचा. एकाच प्रकारच्या विमानांतही आतली मांडणी वेगळी असते आणि ती ओळखायला सीट निवडायचं पान सगळ्यात उपयोगी पडतं. विस्ताराच्या ए३२०निओमध्ये बिझनेसच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२ अशा १६४ सीटा. जेट एअरवेज बंद पडल्यावर घेतलेल्या बोइंग ७३७ मध्ये प्रीमियम इकॉनॉमीच नव्हती. त्यामुळे नकाशात मधला वर्ग दिसला नाही की ते ७३७, हे न विचारता कळायचं. पैसे भरायच्या आधी हे पान बघता येतं आणि बघावंच. सपाट सीट हवी असणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा इथेच संपतं.

काकांचं काम मात्र इथेच अडलं. व्हीटी-एटीव्हीचा रंग जुना असला तरी आतल्या सीटा भावंडांसारख्याच. विस्ताराकडे तेव्हा चाळीसच्या वर ए३२०निओ होती आणि नकाशावरून त्यातलं कुठलं ते सांगायला काहीही मार्ग नव्हता.

तिसरा टप्पा नोंदणी क्रमांकाचा. या धंद्यात त्याला टेल म्हणतात. स्वारगेट-दादर शिवनेरीचं वेळापत्रक वर्षभर तेच असतं, पण आज कुठल्या नंबरची गाडी लागणार ते डेपोत त्या दिवशी ठरतं, तसंच हे. विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, म्हणजे ओसीसीत, दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांच्या माळा तयार असतात: दिल्ली-मुंबई-दिल्ली-पुणे-दिल्ली अशी एक, दिल्ली-बंगळुरू-दिल्ली-कोलकाता अशी दुसरी. कुठली माळ कुठल्या टेलच्या गळ्यात घालायची हे शेवटी ठरतं आणि ठरल्यावरही बदलतं.

का बदलतं, हे समजून घेतलं की राग येत नाही. काही शे तासांच्या उड्डाणानंतर विमानाला तपासणीसाठी हँगरमध्ये जावं लागतं, म्हणून त्या रात्री ते मुख्य तळावर पोचेल अशीच माळ त्याला मिळते. एखादी वस्तू बिघडली असेल पण तिच्याशिवाय उडायची परवानगी असेल, तर ती एमईएल नावाच्या यादीनुसार ठरलेल्या मुदतीपुरती तशीच ठेवता येते, मात्र अटींसह. शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, बंद असेल तर जिथे जमिनीवरून वीज आणि हवा मिळण्याची खात्री नाही तिथे ते विमान पाठवत नाहीत. दाट धुक्यात आपोआप उतरण्याची यंत्रणा चालत नसेल तर जानेवारीच्या पहाटे त्या विमानाला दिल्लीपासून लांब ठेवतात. समुद्रावरून दूर जायचं तर तराफे असलेलं विमान लागतं. यातली एखादी गोष्ट रात्री दोन वाजता समोर येते आणि दोन विमानांच्या माळांची अदलाबदल होते. बसलेल्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही, लागायचं कारणही नसतं.

म्हणजे काकांना हवा होता तो क्रमांक कुणी लपवून ठेवला नव्हता. ते विचारत होते त्या दिवशी तो अस्तित्वातच नव्हता.

आकाशातून मिळणारी माहिती

क्रमांक ठरल्यावर आणि विमान उडाल्यावर मात्र सगळं उघड असतं. प्रत्येक विमानाच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे ओळख सांगणाऱ्या रेडिओ यंत्राला, २४ बिटांचा एक कायमचा पत्ता दिलेला असतो. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग आणि तो पत्ता सतत प्रक्षेपित करत राहतं. घराच्या गच्चीवर छोटा अँटेना आणि रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक ठेवून हे संदेश कुणीही पकडू शकतं. जगभरचे हौशी लोक ते पकडून फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअरसारख्या सेवांना पुरवतात. तिथे पत्त्यावरून नोंदणी क्रमांक जुळवला जातो आणि आपल्याला नकाशावर पिवळं विमान दिसतं.

बहुतेक लोक तिथे फ्लाइटचा क्रमांक टाकून शोधतात. आपण उलटं केलं पाहिजे, टेल टाकून शोधलं पाहिजे. मग त्या एका विमानाची गेल्या काही दिवसांची पूर्ण हकिगत समोर येते: कुठून कुठे, किती वाजता, रात्री मुक्काम कुठे. फुकटात सुमारे आठवड्याभराचीच मिळते, त्याहून मागचं हवं तर पैसे भरावे लागतात. पुढच्या एक-दोन दिवसांच्या फेऱ्याही कधीकधी त्या टेलपुढे दिसतात. त्या पेन्सिलीने लिहिलेल्या समजाव्यात.

काकांनी पैसे भरले नाहीत. त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि रोज रात्री जेवणानंतर व्हीटी-एटीव्हीचा दिवस तिच्यात उतरवू लागले. तारीख, मार्ग, वेळ, मुक्काम. शेवटच्या रकान्यात शेरा. "आज कोलकाता. परत दिल्ली. पुणे नाही." असा शेरा बरेच दिवस येत राहिला.

वहीतून काय दिसलं

पहिली गोष्ट, मुक्काम बहुतेक रात्री दिल्लीतच. हे अपेक्षितच होतं, कारण कंपनीचा मुख्य तळ तिथे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिल्लीतून सकाळी निघणारी पहिली फेरी कुठली असेल याचा काही नियम लागेना. पण एकदा निघाल्यावर बाहेरगावी गेलेलं विमान तिथूनच, त्याच वाटेने परत येत होतं. पुण्याला आलं की पाऊण तासाने पुण्याहून दिल्लीला. यात गूढ काही नाही. दिल्लीत कंपनीची पाच-दहा विमानं एका वेळी उभी असतात, त्यामुळे अदलाबदल सोपी. पुण्यात एका वेळी बहुधा एकच उभं असतं. तिथे अदलाबदल करायला दुसरं विमानच नसतं. आलेलंच परत जाणार.

काकांनी याकडे आधी लक्ष दिलं नाही. त्यांना वहीत वेगळंच काही दिसत होतं. मार्चच्या मध्याला एका आठवड्यात ते विमान दोनदा सकाळच्या पुणे फेरीवर आलं, त्यावरून त्यांनी वार ठरवून टाकला. पुढच्या आठवड्यात त्या वाराच्या आदल्या संध्याकाळी साइटवरही सकाळच्या दिल्ली-पुणे फेरीपुढे व्हीटी-एटीव्ही दिसू लागलं, तेव्हा तर त्यांचा फोनच आला.

"तिकीट काढतो आत्ताच. खिडकीची सीट आहे शिल्लक."

"काका, विमान दिल्लीहून उडेपर्यंत थांबा."

"अरे, उडेपर्यंत थांबलो तर तिकीट दुप्पट होईल!"

"होईल. पण तेच विमान असेल."

नाराज होऊन थांबले. सकाळी साडेसहाला बघितलं तर त्या फेरीवर दुसरीच टेल, आणि व्हीटी-एटीव्ही बंगळुरूच्या वाटेवर. कारण काय असेल ते आपल्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात २६ मार्च आला, उन्हाळी वेळापत्रक सुरू झालं. फेऱ्यांच्या वेळा बदलल्या, माळा नव्याने ओवल्या गेल्या. महिन्याभराच्या नोंदींतले वार आणि वेळा एका रविवारात रद्दी झाल्या. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस असली टेहळणी सुरू करू नये, हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं असं ते आजही म्हणतात. मला ते मान्य नाही. वार रद्दी झाले, पण बाहेरगावी आलेलं विमान परत जातं ही गोष्ट कुठल्याही वेळापत्रकात तशीच राहते, आणि ती त्यांना त्या वहीतूनच कळली.

हिशेब

इथे मी त्यांना भाकीत करणं सोडून मोजायला सांगितलं. हिशेबासाठी धरू की ताफ्यात ४५ ए३२०निओ आहेत आणि पुण्याला रोज दिल्लीहून त्यातली ४ वेगवेगळी विमानं येतात. टेल कुठेही कशीही जाते असं मानलं तर आपलं विमान एका दिवसात पुण्याला येण्याची शक्यता ४५ त ४, म्हणजे सुमारे ९ टक्के. दोन आठवडे वाट पाहिली तर निदान एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ ७३ टक्के. एखाद्या ठरावीक दिवसावर पैज लावणारा माणूस दहातली नऊ वेळा हरेल, पण दोन आठवडे मोकळे ठेवणारा चारातली तीन वेळा जिंकेल. काकांकडे मोकळे दिवस होतेच.

मग प्रश्न उरला वेळेचा. विमान दिल्लीहून पुण्याकडे निघाल्यावरच खात्री होते. तिथून पुढे उड्डाणाचे सुमारे दोन तास, पुण्यात पाऊण तास. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद. म्हणजे तिकीट काढणं, बॅग उचलणं आणि लोहगावचं विमानतळ गाठणं या सगळ्याला पावणेदोन तासांच्या आसपास. साइटवरची विक्री उड्डाणाच्या काही वेळ आधी थांबते. ती थांबली तर विमानतळावरच्या तिकीट खिडकीशिवाय इलाज नाही, आणि आपल्याकडे तिकिटाशिवाय सीआयएसएफ दारातून आत सोडत नाही, तेव्हा ती खिडकी दाराबाहेर कुठे आहे ते आधी जाऊन बघून ठेवायचं. काका बघून आले. विमाननगरमधून विमानतळ किती लांब, हे सांगायला नको.

हाच माणूस दिल्लीत राहत असता तर ही युक्ती चालली नसती. दिल्लीत विमान उतरताना दिसलं तरी पुढे ते कुठल्या फेरीला लागेल ते सांगता येत नाही. मोठ्या तळावर राहणाऱ्याला पर्याय जास्त आणि खात्री कमी. नागपूर, पुणे, इंदूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला नेमकं उलट. आपल्या गावाला थेट फ्लाइट कमी आहेत म्हणून कुरकुरणाऱ्यांना हा एवढाच फायदा, पण आहे.

पैशांचा भाग राहिला. ऐन वेळचं तिकीट महाग पडतंच. काकांनी मधला मार्ग काढला. तारीख बदलायची मुभा असलेलं जरा महाग तिकीट आधीच काढून ठेवलं आणि विमान निघाल्याचं दिसलं की त्या दिवसाच्या फ्लाइटवर बदलून घ्यायचं, फरक भरायचा. स्वस्त म्हणता येणार नाही, पण डोळे पांढरे होण्याइतकं महागही नाही. कमीत कमी पैशांत दिल्लीला जायचं असेल त्याने या वाटेला जाऊच नये, हे माझं मत मी त्यांना दोनदा ऐकवलं होतं.

एप्रिलमधली दुपार

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते विमान दिल्लीहून उडून दक्षिणेकडे वळलं. साइटवर गंतव्य पुणे. दिल्लीहून दक्षिणेला निघालेलं विमान सुरुवातीला कुठेही जाणारं असू शकतं, पण फ्लाइटचा क्रमांक आणि गंतव्य जुळत होतं आणि विमान प्रत्यक्ष हवेत होतं. यापुढे टेल बदलायची तर ते आकाशात बदलावं लागलं असतं.

काकांनी तारीख बदलली, मुलीला कळवलं, रिक्षा केली. मी घरी बसून नकाशा बघत होतो. राजस्थान, मध्य प्रदेश, मग आपल्या हद्दीत; लोहगावला वायुसेनेचा तळ असल्याने उतरण्याआधी कधी थोडं घिरट्या घालायला लावतात, तसं काही झालं नाही.

या क्षणी अजून दोन गोष्टी बिघडू शकत होत्या. विमान दुसरीकडे वळवलं जाणं, किंवा उतरल्यावर एखादा दोष सापडून ते जमिनीवरच राहणं. दोन्ही क्वचित घडतात. काहीच घडलं नाही. बोर्डिंग बसने झालं, शिडी लागली होती, आणि काकांना मागच्या बाजूला लिहिलेला क्रमांक डोळ्यांनी वाचता आला. तो वाचण्याची ही एकमेव खात्रीची जागा. एरोब्रिजवरून चढलात तर पुढच्या चाकाच्या दारावरची शेवटची दोन-तीन अक्षरं काचेतून दिसतात का बघावं. आत गेल्यावर काही कळत नाही. सीटसमोरच्या सुरक्षेच्या कार्डावर विमानाचा प्रकार असतो, क्रमांक नसतो.

आणि आत गेल्यावर जुना रंगही दिसत नाही, हे सांगायला हवं. काकांनी दोन तास एका अगदी साध्या ए३२०निओमध्ये काढले. शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, तर तो म्हणाला, अच्छा, म्हणून असं दिसत होतं का, मला वाटलं रंग उडालाय.

कंपनी स्वतः सांगते तेव्हा

कधीकधी यातलं काहीच करावं लागत नाही. सिंगापूर एअरलाइन्सने जगातलं पहिलं ए३८०, ९व्ही-एसकेए, २५ ऑक्टोबर २००७ ला सिंगापूरहून सिडनीला नेलं तेव्हा फ्लाइटला एसक्यू ३८० क्रमांक दिला आणि सीटांचा लिलाव ईबेवर धर्मादाय कामासाठी केला. ब्रिटिश एअरवेजने १९ फेब्रुवारी २०१९ ला आपल्या पूर्वीच्या कंपनीच्या, बीओएसीच्या, जुन्या रंगातलं ७४७, जी-बीवायजीसी, लंडनहून न्यूयॉर्कला पाठवलं, तेही आधी सांगून. एअर इंडियाचं पहिलं ए३५० २२ जानेवारी २०२४ ला बंगळुरू-मुंबई धावणार हे आधीच जाहीर होतं. पहिलं किंवा शेवटचं उड्डाण असेल, कंपनीला गाजावाजा हवा असेल, तर टेल आधी बांधून ठेवतात आणि सहसा शेजारी एक राखीव विमानही तयार ठेवतात. रोजच्या मंगळवारी असं कुणी करत नाही.

भीतीपोटी विचारला जाणारा तोच प्रश्न

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेलं एअर इंडियाचं ७८७-८ कोसळलं. ते व्हीटी-एएनबी होतं हे लोकांना लगेच कळलं, आणि त्याच सकाळी ते दिल्लीहून एआय ४२३ म्हणून आलं होतं हेही. अपघात तपास विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार ते ११ वाजून १७ मिनिटांनी अहमदाबादला उतरलं आणि १ वाजून ३८ मिनिटांनी एआय १७१ म्हणून उडालं. वर सांगितलेली माळ हीच. आलेलंच विमान पुढे गेलं. त्यानंतर मला येणाऱ्या फोनांचा सूर बदलला. काकांसारखं 'हेच विमान हवं' म्हणणारे कमी झाले, 'हे विमान नको' म्हणणारे वाढले.

प्रकार टाळायचा असेल तर टाळता येतो, वेळापत्रकातला कोड बघून, आणि ऐन वेळी बदलण्याचा धोका पत्करून. टेलवरून मात्र सुरक्षिततेबद्दल काही ठरवू नये. साइटवर विमानाचं वय दिसतं. त्याची देखभाल कशी झाली ते दिसत नाही, आणि उडायला योग्य आहे की नाही ते कागद आणि इंजिनिअर ठरवतात. पंधरा वर्षांचं विमान दिसल्यावर तिकीट रद्द करणाऱ्यांचे फक्त पैसे जातात असं माझं मत आहे.

ज्यांना सीटसाठी हे सगळं करायचंय त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. विमान बदलण्याचा हक्क प्रत्येक कंपनी तिकिटाच्या अटींत राखून ठेवते आणि नुसतं विमान बदललं म्हणून भरपाई नाही. पण त्या बदलामुळे तुम्हाला पैसे भरलेल्या वर्गापेक्षा खालच्या वर्गात बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. काउंटरवर बोर्डिंग पास बदलून हातात देतील तेव्हाच हे बोलायचं, घरी पोचल्यावर नाही.

विलीनीकरणानंतर

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तेव्हा जुन्या विस्ताराच्या विमानांनी होणाऱ्या फ्लाइटना दोनने सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिले गेले; यूके ९५५ होतं ते एआय २९५५ झालं. टेलच्या मागे लागणाऱ्यांना यामुळे वेळापत्रकातच एक नवी खूण मिळाली. क्रमांक बघूनच कळायचं की विमान कुठल्या जुन्या ताफ्यातलं आहे, सीटच्या नकाशापर्यंतही जावं लागायचं नाही.

काकांचं लक्ष आता एअर इंडियाच्या ए३५० वर आहे. मी त्यांना सांगितलं की हे काम पहिल्यापेक्षा सोपं आहे. त्या प्रकारची विमानं सहाच, जातात मुख्यतः दिल्लीहून लंडन आणि न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्कला पोचलेलं ए३५० तिथून दिल्लीलाच परत येतं. म्हणजे जायच्या बाजूला सहातली एक शक्यता, आणि यायच्या बाजूला विमान दिल्लीहून उडाल्यापासून पंधरा-सोळा तास हातात. त्यातलं पहिलं, व्हीटी-जेआरए, हवं असेल तर परतीचं तिकीट हवं. त्यावर त्यांनी विचारलं की मग जायचं कुठल्या विमानाने. मी म्हटलं, जे येईल त्याने.